संभाषण आधी कोणी सुरू केले? घरच्या संगणकाच्या फायरवॉलची सविस्तर मांडणी

घरच्या संगणकाची फायरवॉल, म्हणजे त्याच्याकडे येणारी-जाणारी माहिती तपासणारा पहारेकरी, बंद असल्याचे मला एकदा तब्बल तीन महिन्यांनी कळले आणि ती बंद करणारा मीच होतो. नवा प्रिंटर वाय-फायवर काही केल्या सापडत नव्हता, तेव्हा दुकानातल्या तंत्रज्ञाने फोनवर सांगितले, "साहेब, फायरवॉल पाच मिनिटे बंद करून बघा." मी ती बंद केली, प्रिंटर सापडला, मुलीच्या प्रकल्पाची पाने छापून झाली आणि त्या पाच मिनिटांचे तीन महिने झाले. त्या काळात संगणक एकदाही अडखळला नाही, कारण फायरवॉल असताना आणि नसताना पडद्यावर दिसणाऱ्या कामात काहीच फरक पडत नाही. म्हणून ती चालू आहे असे गृहीत न धरता प्रत्यक्ष पाहणे, ही या कामाची पहिली पायरी आहे. त्या प्रिंटरचा खरा उपाय काय होता, ते पुढे सांगतो.

फायरवॉल नेमके काय पाहते

इंटरनेटवरून संगणकाकडे येणारी आणि संगणकातून बाहेर जाणारी सगळी माहिती लहान लहान पाकिटांतून प्रवास करते. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि दोन्हीकडचे पोर्ट क्रमांक असतात. पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरच्या इमारतीतला खोली क्रमांक म्हणता येईल, आणि हे क्रमांक ० ते ६५५३५ असे असतात. सुरक्षित संकेतस्थळे ४४३ वर बोलतात, विंडोजमधील फाइलींची देवाणघेवाण ४४५ वर चालते आणि दुसऱ्या संगणकावरून आपल्या संगणकाचा पडदा चालवण्याची विंडोजची 'रिमोट डेस्कटॉप' ही सोय ३३८९ वर असते.

आजच्या घरगुती फायरवॉलची मुख्य तपासणी एका प्रश्नापाशी येऊन थांबते: हे संभाषण आधी कोणी सुरू केले? आपण बँकेचे संकेतस्थळ उघडले की संभाषण आपण सुरू केलेले असते. फायरवॉल त्याची नोंद ठेवते आणि बँकेकडून येणारे उत्तर विनातक्रार आत सोडते. परंतु आपण काहीही मागितलेले नसताना बाहेरून कोणी ४४५ क्रमांकाच्या दारावर थाप मारली, तर त्या थापेला नोंदीत आधार सापडत नाही आणि ते पाकीट तिथेच टाकून दिले जाते. फायरवॉल कुठे पोलादी ठरते आणि कुठे कागदी, हे या एका प्रश्नावरून उलगडते, म्हणून तो मनात ठेवूनच पुढची कामे करावीत.

ही सोय आज विंडोजमध्ये आपोआप चालू असते, पण पूर्वी तसे नव्हते. विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल सुरुवातीपासून होती, मात्र ती बंद अवस्थेत मिळत असे. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाचा किडा, म्हणजे आपणहून पसरणारा घातक प्रोग्रॅम, पोर्ट १३५ मधून संगणकांत शिरला आणि त्यासाठी कोणाला काही उघडावे किंवा क्लिक करावे लागले नाही. संगणक इंटरनेटला जोडलेला असणे एवढे पुरेसे होते. त्यानंतर ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या सर्व्हिस पॅक २ पासून मायक्रोसॉफ्टने फायरवॉल मुळातच चालू अवस्थेत द्यायला सुरुवात केली.

आपल्या जवळचे उदाहरण जून २०१७ मधले आहे. 'नॉटपेट्या' या घातक प्रोग्रॅमचा फटका मर्स्क या जहाज कंपनीला बसला आणि त्या समूहाचे न्हावाशेवा येथील जेएनपीटी बंदरातले टर्मिनलही त्यात अडकले. हा प्रोग्रॅम मुळात युक्रेनमधील एका कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून आत गेला होता. अद्ययावतीकरण आपलाच संगणक मागवत असल्यामुळे तिथे संभाषण आतून सुरू झाले होते आणि फायरवॉलला हरकत घेण्याचे कारणच नव्हते. आत पोहोचल्यावर मात्र तो शेजारच्या संगणकांत शिरू लागला, आणि त्या प्रवासात पोर्ट ४४५ ची वाट त्याला उपयोगी पडली. घराच्या बाबतीत यातून दोन कामे निघतात. राउटरवरची फायरवॉल असली तरी प्रत्येक संगणकाची स्वतःची फायरवॉल चालू हवी, कारण धोका घरातल्याच दुसऱ्या उपकरणाकडूनही येऊ शकतो. आणि आतून बाहेर जाणाऱ्या संभाषणांकडेही थोडे लक्ष हवे.

पहिले काम: चालू आहे का ते पाहणे

विंडोज १० किंवा ११ मध्ये स्टार्ट मेनूत 'विंडोज सिक्युरिटी' शोधून उघडावे आणि 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन' या भागात जावे. तिथे 'डोमेन नेटवर्क', 'प्रायव्हेट नेटवर्क' आणि 'पब्लिक नेटवर्क' अशी तीन नावे दिसतात आणि सध्या जे लागू आहे त्याच्यापुढे 'ॲक्टिव्ह' असे लिहिलेले असते. डोमेन हा प्रकार कार्यालयांसाठी असतो. घरी तो लागू नसला तरी तिन्ही ठिकाणी फायरवॉल चालूच ठेवावी, कारण लॅपटॉप आज घरी असला तरी उद्या रेल्वे स्थानकाच्या वाय-फायवर असेल.

याच पानावर विंडोजऐवजी एखाद्या अँटिव्हायरसचे नाव दिसले, तर फायरवॉलचे काम त्या सॉफ्टवेअरने स्वतःकडे घेतले आहे असे समजावे. त्याची वर्गणी चालू असेल तर हरकत नाही. लॅपटॉपबरोबर फुकट आलेल्या आणि मुदत संपलेल्या आवृत्तीच्या हाती मात्र घराची किल्ली ठेवू नये. ती रीतसर काढून टाकावी, संगणक पुन्हा सुरू करावा आणि विंडोजची फायरवॉल परत चालू झाल्याची याच पानावर खात्री करावी. दोन फायरवॉल एकाच वेळी चालवल्याने संरक्षण दुप्पट होत नाही, एकमेकींच्या नियमांत पाय अडकून कामे मात्र अडतात.

दुसरे काम: नेटवर्क कोणत्या प्रकारचे आहे ते ठरवणे

विंडोज फायरवॉलचे नियम नेटवर्कच्या प्रकाराप्रमाणे बदलतात. 'प्रायव्हेट' म्हटले की संगणक शेजारच्या उपकरणांना दिसू लागतो आणि फाइली वाटून घेण्याची दारे उघडू शकतात. 'पब्लिक' म्हटले की तो अंग चोरून बसतो. हे बदलण्यासाठी 'सेटिंग्ज'मधून 'नेटवर्क अँड इंटरनेट' येथे जावे, जोडलेल्या वाय-फायचे 'प्रॉपर्टीज' उघडावे आणि दोहोंपैकी एक निवडावे.

घरचे नेटवर्क म्हणजे प्रायव्हेट, असा सर्वसाधारण समज आहे. माझा सल्ला जरा वेगळा आहे: घरात एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइली नेण्याची नेहमीची गरज नसेल, तर घरीसुद्धा 'पब्लिक'च ठेवावे. त्याने संकेतस्थळे, ईमेल, व्हिडिओ कॉल किंवा बँकेची कामे यांपैकी काहीही थांबत नाही, कारण ती सगळी संभाषणे आपण सुरू करतो. प्रिंटरकडे पान पाठवणे हेदेखील बाहेर जाणारे संभाषण आहे. अडते ते फक्त प्रिंटर शोधण्यापाशी, कारण 'पब्लिक'मध्ये शेजारची उपकरणे शोधण्याची सोय बंद असते. सुरुवातीला सांगितलेल्या माझ्या प्रिंटरचे बहुधा हेच दुखणे होते. फायरवॉल बंद करण्याऐवजी नेटवर्क थोडा वेळ 'प्रायव्हेट' करून प्रिंटर जोडावा आणि मग परत 'पब्लिक' करावे, किंवा प्रिंटरच्या पडद्यावर दिसणारा त्याचा पत्ता हाताने टाकून तो जोडावा. प्रिंटरवरचे 'स्कॅन' बटण दाबून कागद थेट संगणकात घ्यायचा असेल, तर मात्र संभाषण प्रिंटर सुरू करतो आणि त्यासाठी 'प्रायव्हेट' ठेवावे लागू शकते.

हॉटेल, विमानतळ, वसतिगृह किंवा अभ्यासिकेच्या वाय-फायवर असताना आणखी एक खूण करता येते. 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन'मध्ये 'पब्लिक नेटवर्क'वर क्लिक केले, की परवानगी दिलेल्या प्रोग्रॅमसह येणारी सर्व संभाषणे थांबवण्याचा एक चौकोन दिसतो. तिथे टिक केली की आधी कोणालाही दिलेली परवानगी तेवढ्यापुरती निष्प्रभ होते.

तिसरे काम: परवानगी विचारणारी चौकट ओळखणे

फायरवॉलच्या बाबतीत घरातली बहुतेक माणसे आयुष्यात एकच निर्णय घेतात, तोही अर्ध्या सेकंदात. नवीन खेळ किंवा प्रोग्रॅम सुरू केला की एक चौकट समोर येते. तिच्यात प्रोग्रॅमचे नाव, तो कोणाकडून आला आहे त्याचे नाव आणि संगणकात तो कुठे ठेवला आहे तो मार्ग लिहिलेला असतो, आणि खाली 'अलाव' व 'कॅन्सल' ही बटणे असतात. चौकट नाहीशी व्हावी म्हणून बहुतेक जण 'अलाव' दाबतात.

ही चौकट प्रोग्रॅमला इंटरनेट वापरू द्यायचे की नाही हे विचारत नसते. इंटरनेट वापरायला विंडोज मुळातच सगळ्यांना मोकळीक देते. 'बाहेरच्या कोणी आपणहोऊन या प्रोग्रॅमशी बोलायला सुरुवात केली तर चालेल का?' असा तिचा प्रश्न असतो. म्हणून शंका असेल तेव्हा 'कॅन्सल' दाबावे. बहुतेक प्रोग्रॅम त्यानंतरही ठीक चालतात. एकाच घरातल्या दोन संगणकांवर मिळून खेळायचा खेळ किंवा फाइली थेट पाठवणारा प्रोग्रॅम अडेल, आणि तेव्हा विचार करून परवानगी देता येते. चौकटीतल्या मार्गात 'डाउनलोड्स' किंवा 'टेंप' अशी नावे दिसली, किंवा प्रोग्रॅम कोणाचा याच्या जागी 'अननोन' लिहिलेले असले, तर परवानगीचा प्रश्नच येत नाही आणि तो प्रोग्रॅम आला कुठून हे आधी शोधावे लागते.

इथे एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'कॅन्सल' दाबल्यावर विंडोज त्या प्रोग्रॅमला अडवणारा नियम कायमचा लिहून ठेवते, आणि अडवणारा नियम परवानगीच्या नियमापेक्षा वरचढ असतो. त्यामुळे पुढे कधी परवानगीचा नवा नियम हाताने लिहिला तरी प्रोग्रॅम अडलेलाच राहतो आणि माणूस चक्रावतो. अशा वेळी 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन'च्या पानावरील 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज' उघडून 'इनबाउंड रूल्स' म्हणजे आत येणाऱ्या संभाषणांच्या नियमांच्या यादीत त्या प्रोग्रॅमच्या नावापुढे लाल खूण असलेले नियम शोधून आधी ते काढावेत.

घरात मुले संगणक वापरत असतील तर त्यांना 'स्टँडर्ड' प्रकारचे वेगळे खाते करून द्यावे. त्या खात्यातून 'अलाव' दाबले तरी प्रशासकाचा पासवर्ड मागितला जातो आणि अर्ध्या सेकंदाचा निर्णय आपोआप दोन माणसांचा होतो. या सगळ्या मांडणीतून एकच गोष्ट करायला वेळ असेल, तर ही करावी.

चौथे काम: जुन्या परवानग्यांची झाडाझडती

आतापर्यंत दाबलेल्या सगळ्या 'अलाव'ची यादी त्याच पानावरील 'अलाव ॲन ॲप थ्रू फायरवॉल' या दुव्यावर मिळते. तिथे 'चेंज सेटिंग्ज' दाबल्याशिवाय टिकमार्क बदलता येत नाहीत. प्रत्येक ओळीपुढे 'प्रायव्हेट' आणि 'पब्लिक' असे दोन चौकोन असतात, आणि वाचायचा आहे तो प्रामुख्याने 'पब्लिक'चा रकाना. ओळखीच्या एका गृहस्थांच्या सहा वर्षे वापरलेल्या लॅपटॉपवर ही यादी आम्ही एकत्र वाचली, तेव्हा तिच्यात कधीच काढून टाकलेले दोन खेळ, एक टोरंट प्रोग्रॅम आणि लॉकडाउनच्या काळात एकदाच वापरलेली वर्ग-बैठकीची तीन सॉफ्टवेअर निघाली, आणि त्या सगळ्यांच्या 'पब्लिक' चौकोनांत टिक होती.

आता वापरात नसलेल्या प्रोग्रॅमची टिक काढावी. 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग', 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'रिमोट डेस्कटॉप' या तीन ओळींचा 'पब्लिक' चौकोन रिकामाच असावा, आणि रिमोट डेस्कटॉप वापरत नसाल तर दोन्ही चौकोन रिकामे करावेत. 'कोअर नेटवर्किंग' या नावाने सुरू होणाऱ्या ओळींना मात्र हात लावू नये, कारण संगणकाला पत्ता मिळण्यासारखी मूलभूत कामे त्यांच्यावर अवलंबून असतात.

काही बिघडेल अशी धास्ती वाटत असेल तर आधी नियमांची प्रत काढून ठेवावी. 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज' उघडून उजवीकडच्या रकान्यातील 'एक्स्पोर्ट पॉलिसी' निवडले की सगळे नियम एका फाइलीत साठवले जातात आणि 'इंपोर्ट पॉलिसी'ने ते परत आणता येतात. अगदीच गुंता झाला तर 'रिस्टोअर फायरवॉल्स टू डिफॉल्ट' हा मार्ग असतो, पण त्याने आपण केलेले सगळे नियम पुसले जातात.

पाचवे काम: बाहेर जाणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमला अडवणे

बाहेर जाणाऱ्या सर्व संभाषणांना मुळातच बंदी घालावी आणि मोजक्यांना सोडावे, असा सल्ला काही जण देतात. घरगुती संगणकावर मी तो देणार नाही. विंडोजच्या अद्ययावतीकरणापासून घड्याळ जुळवण्यापर्यंत इतक्या गोष्टी अडतात की आठवड्याभरात कंटाळून माणूस सगळेच उघडे करतो. एखाद्या ठरावीक प्रोग्रॅमपुरती बंदी मात्र उपयोगी असते. जमाखर्चाचे किंवा कुंडलीचे जुने सॉफ्टवेअर संगणकावर हवे आहे, पण त्याने इंटरनेटकडे जाऊ नये असे वाटते, तेव्हा ती वापरावी.

त्यासाठी 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये डावीकडे 'आउटबाउंड रूल्स' निवडून उजवीकडे 'न्यू रूल' दाबावे. प्रकार विचारल्यावर 'प्रोग्रॅम' निवडावा, 'ब्राउझ'ने त्या प्रोग्रॅमची मुख्य फाइल दाखवावी, पुढच्या पानावर 'ब्लॉक द कनेक्शन' निवडावे, तिन्ही नेटवर्क प्रकारांच्या टिक तशाच ठेवाव्यात आणि शेवटी नियमाला सहा महिन्यांनी पाहिले तरी कळेल असे नाव द्यावे. मग प्रोग्रॅम उघडून तो खरोखर अडला आहे का हे तपासावे. हा नियम फाइलीच्या मार्गावर बांधलेला असतो. काही प्रोग्रॅम प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी नवा फोल्डर तयार करतात आणि मग आपला नियम रिकाम्या खोलीच्या दारावर पहारा देत बसतो.

सहावे काम: राउटर

घरातल्या सगळ्या उपकरणांचे बाहेरचे दार राउटर असते आणि दुर्लक्षही सर्वाधिक त्याचेच होते, कारण ते भिंतीवर लावून माणूस निघून गेलेला असतो. राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर त्याचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ अशा धर्तीचा. तो ब्राउझरमध्ये टाकला की प्रशासकाचे पान उघडते. सर्वप्रथम त्या पानाचा पासवर्ड बदलावा. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा, हे बऱ्याच घरांत माहीत नसते. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'मिराई' या प्रोग्रॅमने कॅमेरे, त्यांचे चित्रण साठवणारे डीव्हीआर आणि राउटर यांची मोठी फौज उभी करून संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतील डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला केला आणि अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास बंद पडली. ही फौज त्याने कारखान्यातून आलेले आणि कोणीही न बदललेले पासवर्ड वापरून जमवली होती.

त्यानंतर पाच ठिकाणे पाहावीत. 'रिमोट मॅनेजमेंट' म्हणजे राउटरचे पान इंटरनेटवरून उघडण्याची सोय बंद असावी. 'यूपीएनपी' बंद करावे, कारण त्याच्या आधारे घरातले कोणतेही उपकरण आपल्याला न विचारता राउटरला दार उघडायला सांगू शकते. एखाद्या गेमिंग कन्सोलची त्यावाचून कुरकुर झाली तर तेवढा एक नियम हाताने लिहिता येतो. 'डीएमझेड', म्हणजे बाहेरची प्रत्येक थाप घरातल्या एकाच उपकरणाकडे पाठवणारी सोय, बंद असावी. वाय-फायचे 'डब्ल्यूपीएस', म्हणजे पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने उपकरण जोडण्याची सोय, बंद करून सुरक्षेचा प्रकार 'डब्ल्यूपीए२' किंवा 'डब्ल्यूपीए३' ठेवावा.

पाचवे ठिकाण 'पोर्ट फॉरवर्डिंग' किंवा 'व्हर्च्युअल सर्व्हर', आणि तिथे जरा थांबावे. बाहेरून येणारी थाप घरातल्या कोणत्या उपकरणाकडे पाठवायची हे तिथे लिहिलेले असते. आपण काही केले नसेल तर यादी रिकामी हवी. ती रिकामी नसेल तर बहुतेकदा सीसीटीव्ही लावणाऱ्याने मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून ती ओळ घातलेली असते. कंपनीच्या ॲपमधून चित्र दिसत असेल तर त्या ओळीची गरज सहसा नसते. ती काढून पाहावी, आणि मोबाइलचे वाय-फाय बंद करून चित्र अजून दिसते का ते तपासावे. कॅमेरे, टीव्ही आणि विजेचे स्मार्ट बटण अशी मंडळी 'गेस्ट' वाय-फायवर वेगळी ठेवता आली तर उत्तम, म्हणजे त्यांतले एखादे बिघडले तरी आधार कार्ड, फॉर्म १६ आणि सातबाऱ्याचे स्कॅन ठेवलेल्या लॅपटॉपपर्यंत त्याचा हात सहज पोहोचत नाही.

राउटरमागे सगळी उपकरणे एकाच बाहेरच्या पत्त्यामागे लपतात, म्हणून वेगळी फायरवॉल कशाला, असा युक्तिवाद ऐकू येतो. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांबाबत तो बराचसा खरा आहे. परंतु आपल्याकडच्या अनेक सेवा आता आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचे पत्तेही देतात, आणि त्या पद्धतीत घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो. तिथे लपणे संपते आणि भिस्त फायरवॉलवरच उरते. राउटरच्या पानावर 'आयपीव्ही६ फायरवॉल' असा पर्याय असेल तर तो चालू आहे हे पाहावे.

सातवे काम: पडताळणी

बाहेरून तपासणी करायची तर गिब्सन रिसर्च कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावरील 'शील्ड्स अप' ही जुनी मोफत सोय वापरता येते. ती आपल्या पत्त्यावरच्या पोर्टवर थापा मारून प्रत्येकाची अवस्था सांगते. 'ओपन' म्हणजे दार उघडे, 'क्लोज्ड' म्हणजे दार बंद असल्याचे उत्तर मिळाले आणि 'स्टेल्थ' म्हणजे काहीच उत्तर मिळाले नाही. 'ओपन' दिसले तर आधी पोर्ट फॉरवर्डिंगची यादी पाहावी. मात्र अनेक इंटरनेट कंपन्या बऱ्याच ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि संकेतस्थळाला दिसणारा पत्ता वेगळे असतील, तर तपासणी तुमच्या दाराची झालेली नसून कंपनीच्या यंत्राची झालेली असते. त्या निकालावर हुरळून जाऊ नये.

आतून पाहण्यासाठी स्टार्ट मेनूत 'रिसोर्स मॉनिटर' शोधून उघडावे, 'नेटवर्क' भागात जावे आणि 'लिसनिंग पोर्ट्स' ही पट्टी उलगडावी. कान लावून बसलेला प्रत्येक प्रोग्रॅम, त्याचा पोर्ट आणि शेवटच्या रकान्यात फायरवॉलचा निर्णय तिथे दिसतो. 'नॉट अलाव्ड' असलेल्या ओळींची चिंता नाही. 'अलाव्ड' असलेल्या प्रत्येक ओळीचे कारण आपल्याला सांगता आले पाहिजे. पत्त्याच्या जागी 'लूपबॅक' लिहिलेले असेल तर तो प्रोग्रॅम फक्त आपल्याच संगणकाशी बोलतो आहे.

आणखी खोलात जायचे असेल तर अडवलेल्या पाकिटांची नोंदवही सुरू करता येते. 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये 'प्रॉपर्टीज' उघडावे, हव्या त्या नेटवर्क प्रकाराच्या 'लॉगिंग'मध्ये जावे आणि 'लॉग ड्रॉप्ड पॅकेट्स'ला 'येस' म्हणावे. फाइल कुठे साठते तेही तिथेच लिहिलेले असते, आणि ती प्रशासकाच्या अधिकाराने उघडावी लागते. तिच्यातली एक ओळ देवनागरीत उतरवली तर साधारण अशी दिसेल: '२१:१४:०७ ड्रॉप टीसीपी १९२.१६८.१.९ १९२.१६८.१.५ ५१७३४ ४४५'. म्हणजे रात्री सव्वानऊच्या सुमारास घरातल्याच ९ क्रमांकाच्या उपकरणाने ५ क्रमांकाच्या आपल्या संगणकाच्या ४४५ या दारावर थाप मारली आणि ती नाकारली गेली. असे एकदा झाले तर दुसऱ्या लॅपटॉपने फाइली शोधल्या असतील. ते ९ क्रमांकाचे उपकरण टीव्ही किंवा कॅमेरा असेल आणि दर काही सेकंदांनी हीच ओळ येत असेल, तर ते उपकरण राउटरपासून तोडून तपासावे. १९०० आणि ५३५३ या पोर्टच्या ओळींचा पाऊस मात्र नेहमीचा असतो, कारण टीव्ही, प्रिंटर आणि मोबाइल एकमेकांना हाका मारत असतात.

मॅक आणि उबुंटू वापरणाऱ्यांसाठी

मॅकवर फायरवॉल मुळात बंद असू शकते. 'सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये 'नेटवर्क' आणि त्यात 'फायरवॉल' येथे ती चालू करावी, आणि 'ऑप्शन्स'मध्ये 'स्टेल्थ मोड' निवडावा. उबुंटूमध्ये 'यूएफडब्ल्यू' ही फायरवॉल असते, पण तीही चालू करावी लागते. आज्ञा पाठ नसतील तर 'जीयूएफडब्ल्यू' हा खिडकी असलेला प्रोग्रॅम घ्यावा आणि 'इनकमिंग' नाकारणे व 'आउटगोइंग' सोडणे एवढे निवडून बटण सरकवावे.

जिथे फायरवॉल काही करू शकत नाही

"आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल" असे संदेश महाराष्ट्रात असंख्य लोकांना आले आणि ते खोटे असल्याचा इशारा महावितरणलाही द्यावा लागला. अशा संदेशातल्या क्रमांकावर फोन केला की समोरचा माणूस बिल दुरुस्तीच्या नावाखाली पडदा पाहू देणारे ॲप घ्यायला सांगतो. ते ॲप आपण उतरवतो, ते आपल्या संगणकातून बाहेर संभाषण सुरू करते आणि मग समोरचा माणूस आपला पडदा पाहू लागतो. संभाषण आधी कोणी सुरू केले, या प्रश्नाचे उत्तर इथे 'घरमालकाने' असे आहे, त्यामुळे सर्वांत कडक फायरवॉलसुद्धा बाजूला होऊन वाट देते. असे घडलेच तर वाद घालत न बसता आधी राउटरची वायर काढावी किंवा वाय-फाय बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते गोठवावे आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीवर लगेच तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते अडवण्याची शक्यता पहिल्या तासाभरात सर्वाधिक असते.

विंडोजमधली उघडी राहिलेली चूकही फायरवॉल बुजवत नाही. मे २०१७ मधील 'वॉनाक्राय' या फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने ज्या चुकीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिली होती. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे जुना संगणक वापरणाऱ्यांनी विसरू नये. लॅपटॉपच चोरीला गेला तर तिथे डिस्कचे कूटबद्धीकरण, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात माहिती ठेवणे, कामी येते, आणि फाइलीच नष्ट झाल्या तर एरवी तोडून कपाटात ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्क.

ही सगळी कामे एका रविवारी सकाळी उरकतात. पुन्हा कधी करायची, याच्या ठरावीक वेळा आहेत: विंडोजची मोठी आवृत्ती आल्यावर, अँटिव्हायरस बदलल्यावर, आणि इंटरनेट कंपनीचा माणूस राउटर बदलून गेल्यावर. या शेवटच्या प्रसंगी तर त्याच दिवशी, कारण नव्या डब्याबरोबर पासवर्डापासून यूपीएनपीपर्यंत सगळे परत मूळपदावर येते. आमच्या घरी राउटरच्या पानावर काय काय बदलले त्याचा हाताने लिहिलेला कागद वीज बिलांच्या फाइलीत लावलेला आहे, आणि गेल्या पावसाळ्यात राउटर जळला तेव्हा तोच समोर ठेवून वीस मिनिटांत सगळे परत जागच्या जागी लावता आले.